बोरीखालची कंपनी

आमच्या शाळेत अठरा मुलं, एक बाई आणि एक मी. मी खिचडी शिजवते. ह्याच शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. तेव्हा भिंती कुडाच्या होत्या, आता सिमेंटच्या आहेत. फळा तेव्हाही एकच होता, आताही एकच आहे. इतिहास मला कधी आवडला नाही. त्यातली सगळी माणसं मेलेली असतात आणि बहुतेक पुरुष असतात.

बाई लातूरकडच्या. साडेतीन वर्षांपूर्वी मोखाड्याहून येणाऱ्या जीपमधून उतरल्या तेव्हा त्यांच्याकडे एक पेटी होती, एक बादली आणि एक केरसुणी. केरसुणी बरोबर घेऊन येणारा शिक्षक मी पहिल्यांदाच पाहिला. म्हटलं, ही टिकेल. त्याआधी दीड वर्ष शाळेला शिक्षकच नव्हता. कधीमधी कोणी बदलीवर यायचा, दारात उभा राहून डोंगर बघायचा आणि परतीच्या जीपची वेळ विचारायचा. त्या दीड वर्षात मुलं बेरजा विसरली आणि मी तिखट किती घालायचं ते विसरले.

मुलं मला डोकरी म्हणतात. आमच्याकडे म्हातारीला तोच शब्द आहे. बाईंना पहिल्या दिवशी तो शिवीसारखा वाटला. त्यांनी मुलांना उभं केलं आणि आजी म्हणायला लावलं. मुलं आठवडाभर मला आजी म्हणाली आणि त्या आठवड्यात मला कोणी हाक मारतंय हे मला एकदाही कळलं नाही. मग बाईंनी ते सोडून दिलं. त्या स्वतः मात्र आजीच म्हणतात.

शिक्षणसेवक म्हणून बाईंची तीन वर्षं गेल्या उन्हाळ्यात भरायची होती. त्यानंतर कायम. त्याआधी मोखाड्याहून विस्तार अधिकारी येणार, पाठ बघणार आणि अहवाल लिहिणार असं ठरलं. पाठ इतिहासाचा, इंग्रज कसे आले आणि कसे गेले. मागच्या वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला पत्र आलं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या चुलीजवळ येऊन बसल्या. त्या चुलीजवळ कधी बसत नाहीत, धुरानं त्यांचे डोळे वाहतात. मला तेव्हाच कळलं की त्या घाबरल्या आहेत. मीही घाबरले, उगाच खोटं कशाला सांगू. ह्या बाई गेल्या तर शाळेला पुन्हा कुलूप, आणि मुलं पुन्हा खेकडे पकडायला.

घाबरायला कारण होतं. मुलांना धडा पाठ होता. व्यापाराच्या निमित्ताने आले, वखारी घातल्या, हळूहळू सत्ता मिळवली, सगळं घडाघडा म्हणायची. बाईंनी त्या दिवशी सहज विचारलं, इंग्रज म्हणजे कोण रे? मग दुसरीतल्या एकानं बोट वर केलं आणि सांगितलं की दाभोशाला धबधबा बघायला येतात ते. गाड्या घेऊन येतात, फोटो काढतात, पिशव्या टाकतात आणि ही जागा आपल्या बापाची असल्यासारखे ओरडतात. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकीनं तर सांगितलं की मागच्या रविवारीच तिनं पाच इंग्रज पाहिले, त्यातला एक घसरून पडला.

बाई टेबल धरून हसल्या. डोळ्यांतून पाणी आलं, तेही धुराशिवाय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला तांदळाचं एक रिकामं गोणपाट मागितलं.

शाळेच्या मागे एक बोर आहे. कोणी लावलेली नाही, आपोआप आली. जानेवारीत ती लगडते. मधल्या सुट्टीत मुलं तिच्याखालीच असतात. तिच्या पलीकडे उतार आणि उतारावर ओढा. जानेवारीत ओढ्याला घोट्याएवढं पाणी असतं. बाईंनी चौथी-पाचवीची चार मुलं बाजूला काढली आणि त्यांना कंपनी केलं. उरलेली चौदा गाव. कंपनीनं गावाकडे जाऊन फक्त गोणपाटाएवढी जागा मागायची, माल ठेवायला. बाकी काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

कंपनीची मुख्य साहेब माझी नात. मुलीची मुलगी, तेव्हा पाचवीत. तिचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, तेव्हा ती माझ्याकडे असायची. हुशार आहे आणि तिला ते माहीत आहे.

पहिल्या दिवशी सगळं गोड चाललं. गावानं जागा दिली. एवढंसं गोणपाट, कोणाचं काय जातंय? कंपनीकडे एक शार्पनर होता, अर्धा खोडरबर, दोन रिबिनी आणि एक फुटका आरसा. करवंटीभर बोरं द्या, पेन्सिलीला टोक करून घ्या. करवंटीभर बोरं द्या, आरशात बघा. मुलं रांग लावून आरशात बघत होती. दोन दिवसांत अर्ध्या झाडाची बोरं गोणपाटावर गेली. पेन्सिली मात्र सगळ्यांच्या टोकदार.

तिसऱ्या दिवशी नातीनं गोणपाटाची शिवण उसवली आणि ते उघडून पसरलं, म्हणजे जागा दुप्पट झाली. गावातला एक जण म्हणाला की एका गोणपाटाचं ठरलं होतं. ती म्हणाली, एकच आहे, मोजून घे. चौथ्या दिवशी त्याच्या भोवती दगड आले, माल चोरीला जातो म्हणून. दगड रोज एक पाऊल पुढे सरकायचे. मी भांडी घासताना बघत होते. पाचव्या दिवशी तिसरीतली दोन पोरं आपापसांत कशावरून तरी भांडली. नातीनं एकाची बाजू घेतली, दुसऱ्याला झाडाखालून हाकललं, आणि ज्याची बाजू घेतली त्याला व त्याच्या दोस्ताला दगडांवर पहारेकरी बसवलं. पगार रोज पाच बोरं. आपल्याच झाडाची बोरं पगारात घेऊन ती दोघं आपल्याच लोकांना काठी दाखवू लागली.

बाई हे सगळं वहीत लिहून घेत होत्या. मी त्यांना म्हटलं की तुम्ही पोरीला हे शिकवलंत का? त्या म्हणाल्या, नाही आजी, मी फक्त गोणपाट दिलं.

सहाव्या दिवशी बोर कंपनीची झाली. परवानगीशिवाय कोणी बोर उचलायचं नाही, खाली पडलेलंसुद्धा. मग वेठ सुरू झाली. कंपनीची दप्तरं गावानं उचलायची, कंपनीला पाणी गावानं आणायचं. घरी आल्यावरही नात मला म्हणाली की पाणी आण. मी तिला उलथनं दाखवलं. तिचं राज्य शाळेच्या आवारापुरतंच आहे हे तिला समजलं.

झाड गेलं तशी गावातली पोरं मधल्या सुट्टीत माझ्याभोवती येऊन बसू लागली. मी तांदूळ निवडायची, ती तक्रारी करायची. एकीनं विचारलं की डोकरी, खरे साहेब होते तेव्हा तुमच्यात काय करायचे? आता मला इतिहास येत नाही, पण आजोबांची गोष्ट येते. ती मी सांगितली. चूक झाली ती इथे.

आमचे आजोबा साहेबाचा टप वाहायचे. साहेब जंगल बघायला यायचा तेव्हा तंबू, खुर्च्या, कोंबड्या आणि आंघोळीचा पत्र्याचा मोठा टप, हे सगळं वेठीला धरलेली माणसं डोक्यावरून डोंगर चढवायची. मजुरी नाही. आजोबांना कळायचं नाही की जिथे जागोजाग ओढे आहेत तिथे हा माणूस स्वतःचं डबकं बरोबर घेऊन का फिरतो. वर पुन्हा झाडाची फांदी तोडायला बंदी. आमच्याकडे भाताचं, नाचणीचं रोप टाकायच्या जागेवर फांद्या आणि पाला जाळून राख करतात, त्याला राब म्हणतात. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर वर्षभर काय खाणार? साहेबाला हे सांगायला गेलं तर आधी टप उचल म्हणायचा.

तेव्हा ओढ्याच्या अलीकडे इंग्रजाचा मुलूख होता आणि पलीकडे जव्हारच्या राजाचा. राजा देव होता असं नाही. वेठ तिकडेही होती. पण इकडची जड झाली की लोक तिकडे जायचे आणि तिकडची जड झाली की इकडे यायचे. भांडण नाही, आरडाओरड नाही. एका पहाटे पाडा उठायचा. उठायचा म्हणजे सगळाच निघायचा. तीन गोष्टी न्यायच्या: चुलीतला विस्तव खापरात घालून, देव, आणि भांडं. कोंबड्यांच्या चोची दोऱ्यानं बांधायच्या. कोणी बोलायचं नाही आणि मागे बघायचं नाही. सकाळी साहेब तंबूतून हाक मारतो तर ऐकायला कुत्रंही नाही. आजोबांचा पाडा असाच उठला. टप तिथेच राहिला, उचलणार कोण? पुढे कित्येक वर्षं त्यात आमची गुरं पाणी प्यायची.

मुलं हसली. मला वाटलं, गोष्ट संपली. मी तांदूळ धुवायला गेले.

इकडे बाईंनी शेवटचा भाग बसवला होता. अधिकाऱ्यांसमोर कंपनी जुलूम करणार, मग गाव एकत्र येऊन काम नाकारणार, खाली बसणार, घोषणा देणार. त्या घोषणा बाईंनी शुद्ध भाषेत लिहून दिल्या होत्या. शेवटी कंपनी गोणपाट गुंडाळणार आणि झाड परत देणार. तीन वेळा तालीम झाली. मुलं घोषणा देत होती, पण कोणीतरी चिमटा काढल्यासारखी. बाई म्हणायच्या, अरे, तुमचं झाड गेलंय ना? मग राग येऊ दे. मुलं म्हणायची, हो बाई. राग येत होता, मी बघत होते. पण तो घोषणेत येत नव्हता.

अधिकारी मोटारसायकलवरून आले. पन्नाशीचे, पोट सुटलेलं, बोलायला शांत. हेल्मेट आणि बॅग टेबलावर ठेवून ते मागच्या बाकावर मुलांसारखे बसले. पाठ सुरू झाला. बाईंनी वर्गातच खडूनं बोर काढली होती आणि तिच्याखाली गोणपाट पसरलं होतं. त्यावर बाईंची खुर्ची, आणि खुर्चीवर माझी नात. मी खिडकीतून थोडं बघितलं. आधीचं सगळं नीट झालं. आरसा, शिवण, दगड, पहारेकरी. अधिकारी हसले तेव्हा बाईंचे खांदे खाली आले. मलाही बरं वाटलं. खिचडी तयार होती, टोप चुलीवरून उतरवून ठेवला होता. मी ताटं घेऊन हातपंपावर गेले.

त्यानंतरचं मला बाईंनी सांगितलं. खरा साहेब समोर बघून आमच्या साहेबाच्या अंगात आलं. तिनं ठरलेलं सोडून दिलं. गावाला हुकूम केला की पाहुण्यांची बॅग आणि हेल्मेट डोक्यावर घ्या आणि वर्गाला तीन फेऱ्या मारा. दोघांनी मारल्या. मग पहिलीतली सगळ्यांत लहान पोरगी, जिचे पुढचे दोन दात पडले होते, तिनं एक बोर तोंडात टाकलं म्हणून तिला कान धरून उभं केलं. ती रडली नाही, फक्त बोर गालात धरून उभी राहिली. आता घोषणा यायला हव्या होत्या. बाईंनी हातानं खूण केली. कोणी काही बोललं नाही. तिसरीतली एक बारकी मुलगी उठली, तिनं दप्तर पाठीला लावलं, त्या लहानीचा हात धरला आणि बाहेर गेली. मग दुसरी. मग तिसरा. पायांचा आवाजसुद्धा नाही. शेवटी दोन्ही पहारेकऱ्यांनी काठ्या भिंतीला टेकवून ठेवल्या आणि तेही गेले. बाईंना वाटलं, बाहेर जमतील आणि घोषणा देत आत येतील. त्या थांबल्या. अधिकारीही थांबले.

मी ताटं घेऊन आले तर चूल थंड. थंड म्हणजे विझलेली नाही, रिकामी. निखारे कोणी काढून नेले होते. टोप नाही. पळी नाही. भिंतीला टेकवलेला बांबूही नाही. कोनाड्यात मी एक शेंदरी गोटा ठेवते, चुलीचा देव म्हणून, तोही नाही. मी उभी राहिले आणि मला सगळं कळलं.

बाई दारात आल्या. म्हणाल्या, “आजी, मुलं कुठं गेली?”

“पाडा उठला, बाई.”

“म्हणजे?”

मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी दाराची चौकट धरली आणि हळूच म्हणाल्या की म्हणजे माझी नोकरीपण ओढ्यापलीकडे गेली.

अधिकारी बाहेर आले आणि काय चाललंय ते विचारलं. आता इथे दुसऱ्या कोणीही सांगितलं असतं की हो सर, हे पाठातच आहे, हा आमचा उपक्रम आहे. मीसुद्धा सांगितलं असतं. बाई म्हणाल्या, “सर, हे मी शिकवलेलं नाही. मुलं का गेली ते मला आत्ता कळलं.” तेव्हा मला पुढे यावं लागलं. हात पदराला पुसले आणि सांगितलं की साहेब, चूक माझी आहे. मी चौथी शिकलेली बाई, माझं काम खिचडीचं, पण मी पोरांना इतिहास शिकवला आणि तो पुस्तकात नाही. त्यांनी विचारलं, कसला इतिहास? मी म्हटलं, टपाचा. मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. उन्हात उभं राहून मी आजोबा, टप, राब, कोंबड्यांच्या चोची, सगळं सांगितलं. ते मधे एकदाच बोलले. टप केवढा होता ते विचारलं. मी हात पसरून दाखवला. ते म्हणाले, एवढा? मी म्हटलं, साहेब पण तेवढाच असणार.

तोवर वर्गात कंपनी बसून होती. पहारेकरी पळाले, गाव गेलं, हुकूम ऐकायला उरले तिघे, आणि तेही साहेबच. नातीनं एकाला पाणी आणायला सांगितलं. तो म्हणाला, मी पण कंपनी आहे, तू आण. ओढ्याच्या बाजूनं खिचडीचा वास येऊ लागला. ते तिघे एकेक करून मागच्या दारानं सटकले. थोड्या वेळानं नात बाहेर आली, गोणपाट आणि खुर्ची तशीच टाकून. आमच्याकडे न बघता उताराला लागली.

अधिकाऱ्यांनी तिला थांबवलं. “काय ग, राज्य का सोडलंस?”

ती म्हणाली, “कोणावर करू?”

ते हसले नाहीत. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि म्हणाले की चला, आपणही जाऊ. त्यांनी बूट काढले, पँट दुमडली आणि ओढ्यात पाय घातला. पाणी गार होतं, त्यांनी देवाचं नाव घेतलं.

पलीकडे सागाखाली पाडा बसला होता. तीन दगड मांडून चूल केलेली, खापरातला विस्तव तिच्यात घातलेला आणि वर टोप. चौघांनी बांबूला अडकवून तो आणला होता आणि एक थेंब सांडला नव्हता. माझ्या हातून रोज सांडतो. शेंदरी गोटा झाडाच्या बुंध्याशी, त्याच्यापुढे दोन बोरं. ताटं माझ्याकडे राहिली होती म्हणून सागाची पानं घेतली होती. कोणी ओरडत नव्हतं, कोणी दंगा करत नव्हतं. बारकी मुलगी वाढत होती. आम्ही दिसलो तेव्हा तिनं शांतपणे आणखी तीन पानं मांडली, आधी अधिकाऱ्यांना, मग बाईंना, मग मला. पाहुणा आला की आधी पान, मग विचारपूस. ती रीत कोणाला शिकवावी लागत नाही.

कंपनीचे तिघे टोपाकडे बघत लांब उभे होते. माझी नात सरळ पुढे आली आणि पान उचललं. बारकीनं पळी मागे घेतली. “तुला नाय. तू कंपनी.”

“कंपनी तिकडं ठेवून आले.”

“शार्पनर आणलास?”

नातीनं खिशातून शार्पनर काढला. बारकीनं तो घेतला, उलटा करून बघितला, लहानीच्या हातात दिला आणि माझ्या नातीला पळीभर वाढलं. एकच पळी. दुसरी मागितली तर आरसा दाखव म्हणाली. अधिकाऱ्यांना ठसका लागला. बाईंनी त्यांच्या पाठीवर थापटायला हात उचलला आणि वेळेवर मागे घेतला.

मग बाई उठल्या. मला वाटलं, आता पोरांना रागावतील. पण त्या चुलीजवळ उकिडव्या बसल्या, धुरात, आणि बारकीला विचारलं की तुम्ही घोषणा का नाही दिल्या? ती म्हणाली की ओरडलं की साहेबाला मजा येते, जास्तच करतो, म्हणून गेलो. बाई म्हणाल्या, बरं केलंत. मग त्यांनी हळूच विचारलं की उद्या कंपनी ओढा ओलांडून इकडे आली तर?

“पुढं जाऊ,” दोघं-तिघं म्हणाले.

“तिथंही आली तर?”

“आणखी पुढं. जामसरला.”

“आणि जामसरचे लोक कुठं जातील?”

खाणं थांबलं. एक पहारेकरी म्हणाला, समुद्रापर्यंत जाता येईल. दुसरा म्हणाला, समुद्रातूनच तर आलेत ते, पुस्तकात आहे. अधिकाऱ्यांनी तोंड उघडलं, पण बाईंनी नुसतं बोट वर केलं आणि ते गप्प बसले. विस्तार अधिकाऱ्याला बोटानं गप्प बसवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

बारकीनं पळी टोपात ठेवली. “मग परत जायचं,” ती म्हणाली. “सगळ्यांनी. आपल्या झाडाशी. आणि तिला सांगायचं, आता तू जा.”

“एकट्यानं?”

“एकट्यानं नाय. जामसरचे पण.”

बाईंचे डोळे वाहत होते. धूर होताच, त्यामुळे मी काही म्हणत नाही.

पोरं निघाली. टोप बांबूवर, विस्तव खापरात, गोटा लहानीच्या फ्रॉकच्या ओच्यात. ह्या वेळी कोणी चोची बांधल्या नव्हत्या. ओढ्यातच ओरडायला सुरुवात झाली. बाईंच्या शुद्ध घोषणा एकालाही आठवल्या नाहीत. आमची बोर, आमची बोर, एवढंच, पण असं की पलीकडच्या टेकडीवर गवत कापणाऱ्या बायका उभ्या राहून बघू लागल्या. त्यातली एक तर विळा घेऊन खालीच आली, कोणाचं झाड कोण घेतंय ते विचारत. सगळ्यांत मोठ्यानं माझी नात ओरडत होती. मी तिला म्हटलं, अग, तू कोणाला घालवतेस? ती म्हणाली, त्या खुर्चीला.

अधिकारी बूट हातात घेऊन सगळ्यांच्या मागे होते. पोरांनी वर्गातून गोणपाट ओढून बाहेर काढलं, दगड भिरकावले आणि बोरीवर चढली. दोन मिनिटांत झाड रिकामं. साहेबांच्या हेल्मेटमध्ये बोरं भरली आणि त्यांना परत दिलं. वर्गात खुर्ची मोकळी उभी होती. ती सात वर्षांची लहानी तिच्यावर चढून बसली, पाय हलवले आणि लगेच म्हणाली की मला बोरं आणा.

बाई म्हणाल्या, “हा पुढचा धडा.”

जाताना अधिकाऱ्यांनी शेरेबुकात लिहिलं. ते गेल्यावर बाईंनी ते मला वाचायला दिलं, स्वतःच्यानं वाचवेना म्हणून. पाठ ठरलेल्या वेळेपेक्षा दीड तास जास्त चालला. मुलं वर्गाबाहेर गेली. मुलं स्वतःहून वर्गात परत आली. खिचडी चांगली होती. खाली सही. बाईंनी विचारलं, ह्याचा अर्थ काय? मी म्हटलं, मला चौथीपर्यंतचं वाचता येतं, ह्यातलं खिचडीचं तेवढं कळलं.

त्यानंतर चार महिने बाई जीपचा आवाज आला की दाराशी यायच्या. मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, मोखाड्याच्या बाजारात मला अधिकाऱ्यांच्या कचेरीतला शिपाई भेटला आणि त्यानं सांगितलं की तुमच्या बाई कायम झाल्या, कागद निघालाय. मी सुकटाचा वाटा तसाच टाकून परत फिरले, अर्ध्या वाटेत आठवलं की बाई लातूरला आहेत. मग शेजारच्या पोराच्या मोबाईलवरून फोन लावला. मी सांगितलं. मग बाईंनी विचारलं की चुलीचं छप्पर पावसाआधी शाकारून घेतलं का. मी म्हटलं, घेतलं. एवढंच बोलणं झालं.

नात आता सहावीला आश्रमशाळेत गेली. तिथे ती वर्गमंत्री आहे, हे ऐकून कोणाला नवल वाटलं नाही. बोर पुन्हा लगडली आहे. काल बाईंनी ह्या वर्षीच्या मुलांसाठी गोणपाट मागितलं. मी दिलं, पण टोपाच्या कडीत आता साखळी घातली आहे आणि ती खिडकीच्या गजाला बांधली आहे. मुलं मधल्या सुट्टीत आली, त्यांनी साखळी बघितली, एकमेकांकडे बघितलं आणि काही न बोलता गेली. दुपारी बारकी, जी आता चौथीत आहे, माझ्याजवळ येऊन बसली आणि तांदूळ निवडायला लागली. म्हणाली, डोकरी, पाडा उठला की म्हातारी माणसं कशी न्यायचे ग?

मी विचारलं, का?

ती म्हणाली, असंच.